माझी आवडती कॅसेट
(दोडामार्ग येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

आज मी कायद्यावर किंवा बचत गटाच्या हिशेबावर बोलणार नाही. गाण्यांवर बोलणार आहे. गेल्या पावसाळ्यात आपल्या गटाच्या बैठकीत आम्ही एक खेळ घेतला. प्रत्येकीने आपली सर्वांत आवडती कॅसेट किंवा अल्बम सांगायचा, आणि तोच का, हेही सांगायचं. काजूच्या कारखान्यात जाणाऱ्या बाया होत्या, अंगणवाडीताई होत्या, रोज गोव्यात कामाला जाणाऱ्या मुली होत्या. वाटलं होतं, तासाभरात आटपेल. दिवेलागण झाली तरी वाद चालूच होता.

पहिली बोलली ती म्हापशाला दुकानात काम करणारी मुलगी. तिचा अल्बम ‘सैराट’चा, २०१६ सालचा, अजय-अतुल यांचा. सकाळच्या गाडीत कानात तोच असतो म्हणाली. लगेच एकीने टोकलं, ‘‘अगं, पण शेवटी त्या दोघांना मारतात ना?’’ ती म्हणाली, ‘‘पिक्चर मी एकदाच बघितला. गाणी रोज ऐकते. गाण्यांत ती दोघं जिवंत आहेत.’’ यावर कोणाला काही बोलता आलं नाही.

दुसरीने सुलोचना चव्हाणांच्या लावण्या सांगितल्या. कुजबुज सुरू झाली. बायकांच्या बैठकीत लावणी? पुरुषांनी लिहिलेली, पुरुषांच्या नजरेसाठी रचलेली? ती ठाम होती. सुलोचनाबाई डोक्यावर पदर घेऊन गायच्या, आचार्य अत्र्यांनी त्यांना लावणीसम्राज्ञी म्हटलं, २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली, हे तिने सांगितलंच. पण पुढे म्हणाली, ‘‘कॅसेट दिरांची. ते ओटीवर ऐकायचे, मी मागीलदारी भांडी घासायची. त्या ठसक्यात बोलायची सोय मला त्या घरात नव्हती. तेवढा वेळ मनातल्या मनात बोलून घ्यायचे.’’ लावणीचा वाद मिटला नाही. तो एका बैठकीत मिटण्यासारखा नाहीच.

मग एका वयस्क काकूंनी ‘गीतरामायण’ म्हटलं, आणि तिथे माझी चूक झाली. मी लगेच सुरू झाले. म्हटलं, काकू, त्यात शेवटी सीतेला वनात सोडतात, ते तुम्हाला कसं चालतं? वर माहितीही दिली. पुणे आकाशवाणीवर १९५५-५६ साली गदिमांची ही छप्पन्न गाणी वर्षभर लागली, तेव्हा माणिक वर्मा, ललिता फडके अशा गायिकाही त्यात गात होत्या. पुढे सुधीर फडक्यांनी सगळी गाणी एकट्यांनी गायली आणि घरोघर पोचला तो त्यांचा आवाज. म्हणजे सीताही बाबूजींच्या गळ्यातून आणि कौसल्याही. माहिती खरी होती, म्हणून मी जोरात होते.

काकूंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ‘‘बाई, तू शिकलेली. आमच्याकडे रामनवमीला ती कॅसेट लावायचे. गाणी चालू असली की मला कोणी हाक मारायचं नाही. चहा नाही, पाणी नाही. देवाचं चाललंय म्हणून मलाही बसायला मिळायचं. वर्षात तेवढंच.’’

मी त्यांची कॅसेट तपासत होते. त्या आपल्या बसण्याबद्दल बोलत होत्या. आपण कार्यकर्त्या म्हणून गावोगाव जातो, तेव्हा बाईला काय आवडावं हे ठरवून तर जात नाही ना, हा प्रश्न त्या दिवसापासून मला सोडत नाही. गीतरामायणाबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. पण ते मत मी ज्या घाईने मांडलं, त्या घाईची मला लाज वाटली.

सगळ्यांत शेवटी जी बोलली ती काजू फोडणारी बाई. हाताची कातडी काजूच्या चिकाने भाजलेली. रुमालात गुंडाळलेली एक कॅसेट तिने पुढे ठेवली. वर नाव नाही, चित्र नाही. म्हणाली, ‘‘अल्बम म्हणजे काय ता माका म्हायत नाय. ह्या माझ्या आवशीचा आसा.’’

मुंबईहून चतुर्थीला आलेल्या भावाने टेपरेकॉर्डर आणला होता. आई फुगडीची गाणी म्हणायची, ती त्याने साठ मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर घेतली. कॅसेट हिच्या सासरी आली. वर्षभरात धाकट्या दिराने तिच्यावर सिनेमाची गाणी भरली. ‘‘त्याका काय ठावक,’’ ती म्हणाली, ‘‘बायकांची बडबड वाटली त्याका.’’ आई पुढे वारली. सिनेमाची गाणी सुरू होण्याआधी, अगदी सुरुवातीला, थोडा तुकडा पुसायचा राहिला आहे. तेवढाच तिचा अल्बम. घरात टेपरेकॉर्डर राहिला नाही, म्हणून कित्येक वर्षं तोही ऐकलेला नव्हता.

नंतर आम्ही सावंतवाडीत एकाकडून तो तुकडा मोबाईलवर उतरवून घेतला. एक बाई घसा साफ करते आणि विचारते, ‘‘चालू झाला काय रे?’’ बस्स. पुढे सिनेमाचं संगीत.

मैत्रिणींनो, कॅसेटच्या पाठीवर दोन कोपऱ्यांना प्लॅस्टिकचे दोन चिमुकले तुकडे असायचे. ते मोडले की त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नसे. घरातल्या पुरुषांना हे माहीत होतं. हिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि तिनेही विचारलं नव्हतं, कारण मशीन तिचं नव्हतं.

आपल्या देशात १९०२ साली कलकत्त्यात ध्वनिमुद्रण सुरू झालं, तेव्हा पहिल्या गाणाऱ्यांत बहुतेक बाया होत्या, आणि समाजाने ज्यांना घरंदाज म्हटलं नाही अशा. गौहर जान गाणं संपताच स्वतःचं नाव इंग्रजीत मोठ्याने सांगायच्या. तबकड्या छापायला जर्मनीला जात, तिथे कोणाचं गाणं कुठलं हे कळावं म्हणून. आपल्या शेजारच्या गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर कलावंत समाजातल्या. त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांतून अवकाशात गेली. दुसरं यान ५ सप्टेंबरला सुटलं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. ती भैरवी आता सगळ्या ग्रहांच्याही पलीकडे पोचली आहे. तिच्यावर कोणी सिनेमाची गाणी भरू शकत नाही.

आणि आपल्या आया? हेमा राईरकर आणि गी पॉयट्वाँ यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, गाणाऱ्या बाईच्या आणि तिच्या गावाच्या नावानिशी. म्हणजे हे काम होऊ शकतं.

आज बहुतेक घरांत मोबाईल आहे. म्हणून माझी मागणी साधी आहे. येत्या चतुर्थीला फुगडी घालायच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या बाईचं गाणं भरून घ्या. सुरुवातीला तिला स्वतःचं नाव सांगायला लावा. अमक्याची आई, तमक्याची बायको नको. गाव सांगा, साल सांगा. एक प्रत गटाच्या कपाटात ठेवा, एक दुसऱ्या गावच्या मैत्रिणीकडे. आणि पुसायचं बटण कुठलं, ते घरातल्या प्रत्येक बाईला दाखवून ठेवा.

त्या काजू फोडणाऱ्या बाईने यंदा स्वतःच म्हणायचं कबूल केलं आहे. आईची गाणी तिला अर्धीमुर्धी आठवतात. म्हणाली, ‘‘आठवत तितक्या म्हणतंय.’’ चतुर्थीला आम्ही तिच्याकडे जाणार आहोत. ज्यांना यायचं आहे त्यांनी आजच नाव द्या.