नकोशी मुलगी आणि गर्भपाताचा प्रश्न



आजचा विषय चारचौघांत काढण्याजोगा नाहीं, असें कित्येकांस वाटेल. परंतु बंद दाराआड जें घडतें, त्याविषयींच कधीं कधीं उघड बोलावें लागतें.

सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतील शाळांत मीं ३६ वर्षें हजेरी घेतली. 'नकुशा' हें नांव पुकारतांना माझी जीभ दरवेळीं अडखळे. मुलगी नको असतां झाली, म्हणून नांवच नकुशा; म्हणजे पुढें मुलगा होतो, अशी समजूत! सातारच्या जिल्हा परिषदेनें २०११ च्या ऑक्टोबर महिन्यांत समारंभ करून अशा २८५ मुलींना नवीं नांवें दिलीं. परंतु त्याच वर्षींच्या शिरगणतींत सहा वर्षांपर्यंतच्या १००० मुलग्यांमागें मुली सातारा जिल्ह्यांत ८९५ आणि सांगली जिल्ह्यांत ८६७ च भरल्या. ज्यांना नकुशा हें नांवहि लाभलें नाहीं, त्यांची ही तूट होय.

२०१७ च्या मार्च महिन्यांत मिरज तालुक्यांतील म्हैसाळ येथें बेकायदा गर्भपातांत एक विवाहिता दगावली. त्या तपासांत ओढ्यालगत पुरलेले १९ भ्रूण सांपडले. माझे एक वृद्ध स्नेही तेव्हां म्हणाले, "गुरुजी, गर्भपातच मुळीं बंद करावा. जीव तो जीव!"

त्यांचा कळवळा खरा होता. गर्भांतील जीव क्षुल्लक आहे, असें मीहि म्हणणार नाहीं. परंतु चोरून होणाऱ्या गर्भपातांत स्त्रिया मरत होत्या, म्हणूनच शांतिलाल शहा समितीच्या शिफारशीवरून १९७१ चा कायदा झाला. मुलगी म्हणून गर्भ पाडण्यास त्यांत परवानगी नाहीं. गर्भलिंगचिकित्सेवर महाराष्ट्रानें १९८८ मध्यें निर्बंध घातला. देशाचा कायदा १९९४ चा.

१८६३ सालीं जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यांत बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें. सावित्रीबाई आपल्या सातारा जिल्ह्यांतील नायगांवच्या. अडलेल्या विधवेस त्यांनीं पापिणी म्हटलें नाहीं. तिला आसरा दिला आणि अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत दत्तक घेतला. त्या विधवेस लोकलज्जा ढकलीत होती. आजच्या सुनेस वंशाच्या दिव्याची हांव ढकलते. दोन्हीं ठिकाणीं तिची इच्छा कोणी विचारीत नाहीं. सरसकट बंदीनें ही हांव जाणार नाहीं. बाई मात्र पुन्हां ओढ्याकांठच्या अंधारांत जाईल. जेथें निर्णय खरोखर तिचा आहे, तेथें कायद्याची वाट खुली असावी. जेथें तो सासरचा आहे, तेथें आपण आडवें उभें राहावें.

हें सांगण्याचा अधिकार मला कितपत आहे? मुलग्याला पेढे आणि मुलीला बर्फी, हा आपला रिवाज. मला दुसरी नात झाली, तेव्हां मीं बर्फीहि आणली नाहीं. आमच्या मंडळींनीं एवढेंच विचारलें, "अहो, हिचें नांव नकुशा ठेवायचें का?"

दुसरे दिवशीं मीं गल्लींत पेढे वाटले. एक दिवस उशीर झाला, ही खंत मात्र राहिली आहे.