जॅकहॅमर : एक शब्द, दोन यंत्रे



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर संतवाङ्मय यावे, इतिहास यावा. तेथे आम्ही जॅकहॅमर हा विषय घेऊन उभे राहिलो, याचे काहींना हसू येईल. येऊ द्यावे. शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांत राहणाऱ्याला दगड चुकवता येत नाही. थोडी माती, थोडा मुरूम काढला की खाली काळा पाषाण वाट पाहतच असतो. विहीर खणा, घराचा पाया घ्या, नाहीतर समृद्धी महामार्गाएवढे काम काढा, गाठ त्याच्याशीच.

काही वर्षांपूर्वी मुरबाडकडची आमची घरची विहीर खोल करायची होती. आम्ही मोठ्या ऐटीत फोन करून ‘जॅकहॅमर पाठवा’ म्हणून सांगितले. आले ते विजेवर चालणारे, रस्ता उखडण्याचे यंत्र. दोन दिवस कानठळ्या बसल्या आणि विहिरीच्या तळाचे नुसते टवके निघाले. शेवटी दगडकामात जन्म गेलेले एक वृद्ध गृहस्थ आले. त्यांनी यंत्राकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले आणि म्हणाले, “गुरुजी, हे फोडायचं यंत्र. तुम्हाला भोकं पाडायचीत.”

आमच्या दोन दिवसांच्या भाड्याचा निकाल त्यांनी दोन क्रियापदांत लावला. फोडणे वेगळे, पाडणे वेगळे. खाणकामाच्या भाषेत जॅकहॅमर म्हणजे खडकात भोक पाडणारे, हातात धरायचे यंत्र. त्या भोकात दारू ठासायची आणि मग सुरुंग उडवायचा. अर्थात परवाना असलेल्या माणसाकडूनच. अमेरिकेतील बोलीत मात्र हाच शब्द रस्ता फोडणाऱ्या यंत्रालाही लागला. इंग्लंडातले लोक त्याला न्यूमॅटिक ड्रिल म्हणतात, आपल्याकडे ते ब्रेकर म्हणून भाड्याने मिळते. शब्द एक झाला, म्हणून यंत्र एक होत नाही.

भेद कोठे आहे तो पाहा. ब्रेकर नुसता घाव घालतो. जॅकहॅमर घाव घालतो आणि प्रत्येक घावानंतर छिन्नी किंचित फिरवतो. न फिरवली तर छिन्नी एकाच खाचेत रुतून बसते आणि भोक गोल उतरत नाही. पूर्वी हे काम दोघांत चाले. एकजण पहार धरून घावागणिक थोडी वळवी, दुसरा घण घाली. धरणाऱ्याचे मनगट आणि मारणाऱ्याचा नेम, यांत चूक झाली की बोटे गेली. आजच्या यंत्रात पीळ असलेला एक दांडा असतो. तो धरणाऱ्याचे काम करतो. मारणाऱ्याचे काम दाबलेली हवा करते, तेही मिनिटाला सुमारे दोन हजार घावांच्या वेगाने. म्हणजे एका नळकांड्यात दोन माणसे बसवली आहेत असे म्हणा ना!

नावाची गंमत याच्याशी जुळते. जॅक हे इंग्रजीतले अगदी साधे नाव, आपल्याकडच्या गण्यासारखे. हरकाम्या पोऱ्या तो जॅक. आणि त्याचे काम करणारी साधनेही जॅकच. बूट ओढून काढणारा बूटजॅक, मोटार उचलणारा जॅक. अमेरिकेतील खाणींत एकट्याने चालवायच्या घणाला सिंगल जॅक आणि दोघातिघांच्या कामातील मोठ्या घणाला डबल जॅक म्हणत.

कोणी म्हणेल, परकी शब्द हाकलून द्या, मराठी प्रतिशब्द करा. ‘पाषाणवेधक’ हा शब्द आम्हालाही सुचतो. पण तो घेऊन भाड्याच्या दुकानात जायचे धैर्य आमच्यात नाही. शिवाय ज्याला आपण घरचा समजतो तो सुरुंग तरी कोठला? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘सुरुङ्गा’ आहे, आणि तो ग्रीक ‘सिरिंक्स’ या शब्दावरून आला असे अनेक पंडित मानतात. शब्द आला म्हणून बिघडले नाही. तो काय करतो हे न विचारता घेतला, तेथे आमचे पैसे बुडाले.

आता थोडे मागे जाऊ. आल्प्स पर्वताखालच्या माँ सनी बोगद्यात १८६१ सालापासून दाबलेल्या हवेची छिद्रयंत्रे चालू लागली. ती धिप्पाड, गाड्यावर बसवलेली होती. त्याच सुमारास आपल्या कसाऱ्याच्या वर थळघाट फोडला जात होता, तो हाताने. कसारा ते इगतपुरी गाडी १ जानेवारी १८६५ रोजी सुरू झाली, आणि डायनामाइटचे पेटंट १८६७ चे! म्हणजे घाटातले ते बोगदे घण, पहार आणि बंदुकीची दारू यांवर झाले. आगगाडीतून कसारा ओलांडताना डबा अंधारात शिरतो, तेव्हा तो धरणारा आणि तो मारणारा यांची आम्हाला आठवण होते. त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत; जॅक एवढेही नाही.

यंत्राने बोटे वाचवली, पण दुसरे दुखणे आणले. दिवसभर ते वीस-पंचवीस किलोंचे धूड थरथरत राहते. वर्षानुवर्षे धरणाऱ्याची बोटे पांढरी पडतात, बधिर होतात. कानांचे तर विचारूच नका. आणि सर्वांत वाईट ती धूळ. अमेरिकेत डेन्व्हर येथील जॉर्ज लेनर याने १८९०च्या दशकात पोकळ छिन्नी काढली व तिच्यातून भोकातला भुगा उडवण्यासाठी हवा सोडली. धूळ इतकी उसळली की खाणकामगार ते यंत्र धरीनात. मग त्याने हवेबरोबर पाणी सोडले आणि भुगा चिखल होऊन बाहेर आला. ही युक्ती सव्वाशे वर्षांची आहे.

आमच्या विहिरीवर शेवटी कॉम्प्रेसर लावलेला ट्रॅक्टर आला, खरे जॅकहॅमर आले. तळाशी उतरलेला तरुण तोंडाला ओला रुमाल बांधून उभा राहिला. विहिरीत वारा नाही. पाच मिनिटांत तो वरून दिसेनासा झाला. जेवणाच्या सुट्टीत आम्ही विचारले, पाण्याची नळी कोठे आहे? त्याने कपाळावरची पांढरी धूळ पुसली आणि म्हणाला, “होती. पाणी लावलं की काम सावकाश होतं म्हणून मालकाने काढून ठेवली.” भाडे आम्ही तासावर ठरवले होते. दुपारी विहिरीवरच्या मोटारीची नळी त्याच्या यंत्राला जोडून घेतली. विहीर पुरी व्हायला एक दिवस जास्त लागला.