दवाखान्याची नोंदवही आणि दूरचा संगणक

लहान दुकानदार रोजकीर्द आणि खतावणी लिहितो. लहान दवाखाना चालविणारा डॉक्टर केसपेपर ठेवतो. दोघांचाही व्यवसाय या कागदांवर उभा असतो. खतावणी हरवली तर उधारी बुडते. केसपेपर हरवला तर रुग्णाला कोणते औषध सोसत नाही, ही माहितीच नाहीशी होते, आणि तिची किंमत पैशांत मोजता येत नाही. हे कागद आता दूरच्या संगणकाच्या हवाली करावेत काय, आणि केले तर त्यांची जबाबदारी कोणावर राहते, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

या दूरस्थ संगणकसेवेला ‘क्लाउड’, म्हणजे मेघ, असे नाव पडले आहे. भारत सरकारनेही आपल्या अशा योजनेला ‘मेघराज’ हेच नाव दिले. प्रत्यक्षात या सेवेत आकाशातले काहीच नाही. पक्क्या इमारतींत हजारो संगणक ओळीने मांडलेले असतात. त्यांना अखंड वीज आणि सतत थंडावा पुरवावा लागतो. ग्राहक इंटरनेटच्या द्वारे त्यांचा वापर करतो आणि वापरापुरते भाडे भरतो. वीज किंवा टेलिफोन यांच्याप्रमाणे संगणनही एक दिवस सार्वजनिक सेवा म्हणून मिळू लागेल, हा विचार जॉन मॅकार्थी यांनी १९६१ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत मांडला होता. ॲमेझॉनने २००६ मध्ये साठवणुकीची आणि संगणनाची अशी सेवा सुरू केली, तेव्हा तो विचार व्यापक प्रमाणावर व्यवहारात उतरू लागला. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नई परिसरांत व ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आपली केंद्रे उघडली.

लहान व्यावसायिकाला या व्यवस्थेचा लाभ उघड आहे. त्याला मोठा संगणक विकत घ्यावा लागत नाही, की त्याच्या देखभालीसाठी तंत्रज्ञ नेमावा लागत नाही. डॉक्टरचे दवाखाने दोन ठिकाणी असले, तरी रुग्णाची नोंद एकच राहते. दवाखान्यात चोरी झाली किंवा पावसाचे पाणी शिरले, तरी नोंदी शाबूत राहतात.

तथापि, वस्तू आपल्या नजरेसमोर असली म्हणजे ती सुरक्षित असते, अशी माणसाची समजूत असते. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील संगणकांवर हल्ला झाला. हल्लेखोरांनी संस्थेच्या ५ सर्व्हरांवरील माहिती कुलूपबंद करून टाकली. रुग्णांची नोंदणी आणि तपासण्यांचे अहवाल ही कामे पुष्कळ दिवस हातांनी करावी लागली. हल्ल्यातून वाचलेल्या एका वेगळ्या सर्व्हरवर नोंदींची प्रत होती, म्हणूनच त्या परत मिळू शकल्या.

याच्या उलट बाजूचे उदाहरण फ्रान्समधील आहे. १० मार्च २०२१ रोजी स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या कंपनीच्या संगणककेंद्राला आग लागली आणि एक संपूर्ण इमारत जळाली. ज्या ग्राहकांनी नोंदींची दुसरी प्रत अन्यत्र ठेवली नव्हती, त्यांपैकी अनेकांना आपली माहिती कायमची गमवावी लागली. एका ठिकाणी यंत्रे संस्थेची स्वतःची होती, दुसऱ्या ठिकाणी भाड्याची. दोन्हीकडे निर्णायक ठरली ती दूर ठेवलेली दुसरी प्रत.

आता जबाबदारीचा प्रश्न. दाखल केलेल्या रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जतन कराव्यात आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत द्याव्यात, असे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनी ठरवून दिले. हे बंधन डॉक्टरवर आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये संमत झालेल्या अधिनियमाचेही तत्त्व हेच आहे: माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे जो ठरवितो, तो ते काम दुसऱ्याकडून करवून घेत असला, तरी उत्तरदायी तोच राहतो. यंत्र भाड्याने घेता येते. उत्तरदायित्व भाड्याने देता येत नाही.

म्हणून करारावर सही करण्यापूर्वी काही प्रश्न विचारणे इष्ट होय. दुसरी प्रत कोठे ठेवली जाते, आणि ती भाड्यात धरली आहे काय? नोंदी कोण पाहू शकतो? सेवा बंद केल्यास सर्व नोंदी कोणत्या स्वरूपात आणि किती दिवसांत परत मिळतील? इंटरनेट बंद पडले, तर त्या दिवशीचे रुग्ण कसे तपासायचे? याखेरीज काही काळजी दवाखान्यातच घ्यावी लागते. स्वागतकक्षातील मदतनीस, औषधे देणारा आणि डॉक्टर यांनी एकच पासवर्ड वापरू नये. नोकरी सोडून गेलेल्याचा प्रवेश त्याच दिवशी बंद करावा.

रुग्ण आपले दुखणे डॉक्टरला विश्वासाने सांगतो. त्याची नोंद कोणत्या शहरातील कोणत्या इमारतीत आहे, हे त्याला ठाऊक नसते आणि ते त्याने विचारावे अशी अपेक्षाही नसते. ते विचारण्याचे काम त्याच्या वतीने डॉक्टरचे आहे. दर काही महिन्यांनी एखाद्या जुन्या रुग्णाची नोंद दुसऱ्या प्रतीतून प्रत्यक्ष परत मिळवून पाहावी. ती पूर्ण मिळाली, तर व्यवस्था भरवशाची म्हणता येईल. न मिळाली, तर दोष संकटापूर्वीच कळेल आणि सुधारण्यास अवधी राहील.