गवताच्या मुळांतलं दूध

बाळंतिणीला दूध यावं म्हणून काय द्यावं, असं विचारलं की उत्तरं ठरलेली असतात: अळीव, मेथी, डिंक, बाळंतशेपा, शतावरी कल्प. मलाही एवढंच ठाऊक होतं. मग चरकसंहिता उघडली आणि सूत्रस्थानाच्या चौथ्या अध्यायात अडकले. ग्रंथ ढोबळमानानं २००० वर्षांपूर्वीचा. त्या अध्यायात एकेका कामासाठी दहा-दहा वनस्पतींचे ५० गट बांधलेत. त्यातला एक स्तन्यजनन, म्हणजे दूध आणणाऱ्यांचा. त्यात अळीव नाही, मेथी नाही, शतावरीसुद्धा नाही! आहेत ती मुळं. वाळ्याची, साळीची, साठ दिवसांत पिकणाऱ्या साठेसाळीची, दर्भाची, कुशाची, काशाची, उसाच्या एका भाईबंदाची. दूध यावं म्हणून सांगितलेली ही जवळपास सगळी गवतं आहेत. गाईगुरं पाळणाऱ्या माणसांना हे सुचावं, यात मला नवल वाटत नाही.

शतावरीचा दूध आणण्याचा गुण पुढे भावप्रकाश या ग्रंथात स्पष्ट येतो. अळीव मात्र आपल्या स्वयंपाकघरांनी जपला. नारळाच्या पाण्यात भिजवला की दाण्याभोवती बुळबुळीत पदर धरतो. मग ओलं खोबरं नि गूळ घालून आटवायचा. माझ्या आईच्या हातचे ते लाडू मी बाळंतपणात रोज खाल्ले. अळिवात लोह भरपूर, म्हणून बाळंतिणीच्या अंगालाही ते हवेतच.

या औषधींवरचे आधुनिक प्रयोग मोजके आणि लहान आहेत. पक्कं ठाऊक आहे ते हे: बाळ चोखतं तेव्हा आईच्या शरीरात प्रोलॅक्टिन स्रवतं आणि दूध तयार होतं. बाळ जितकं ओढेल, तितकं दूध येतं. म्हणून आधी बाळाला वारंवार पाजायचं, लाडू त्यानंतर.

आणि इथंच मला हळहळ वाटते. लाडू आता डब्यात तयार मिळतात, पण सव्वा महिन्याची विश्रांती मिळत नाही. रात्री बाळ घ्यायला, पाजताना पाठीला उशी द्यायला कुणी जवळ नसतं. ते माणूसबळ आपण फार सहज सोडलं.

शेवटी एवढं सांगते: मेथीनं रक्तातली साखर उतरू शकते. मधुमेहाची औषधं चालू असतील तर मेथीचे लाडू सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि बाळाचं वजन वाढत नसेल, लंगोट कमी ओले होत असतील, तर काढे करत थांबू नका. त्याच दिवशी बाळाला दाखवा.