नांगर विकणारा चित्रकार



 जाहिरात व्यावसायिकांच्या संमेलनात अध्यक्षीय भाषणात धंद्याच्या सद्यःस्थितीचा आढावा घेण्याची पद्धत आहे. तो आढावा उद्याच्या परिसंवादांत माझ्याहून जाणती माणसे घेणार आहेत. मी आज एकाच माणसाच्या कारकिर्दीबद्दल बोलणार आहे, कारण जाहिरात आणि ब्रँड या दोन गोष्टींबद्दल मला जे काही सांगायचे आहे ते सगळे त्या कारकिर्दीत आहे.

तो माणूस म्हणजे शंकर वासुदेव किर्लोस्कर, आपले शंवाकि. मराठी साहित्याने त्यांना संपादक म्हणून मानले, व्यंगचित्रकारांनी त्यांना आपल्या पूर्वजांत बसवले. जाहिरात व्यवसायाने मात्र त्यांच्यावर आपला हक्क कधी सांगितला नाही. आज या व्यासपीठावरून मी तो सांगतो आहे.

आधी वस्तू काय होती ते पाहू. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 च्या सुमारास बेळगावात लोखंडी नांगर तयार केला. शेतकरी त्याला हात लावायला तयार नव्हता. लोखंडाने जमिनीत विष उतरते, पीक जळते, असा समज गावोगाव होता. पिढ्यान्‌पिढ्या लाकडी नांगराने शेत कसलेल्या माणसाचा हा समज होता. त्याला अडाणी म्हणून सोडून देणे सोपे होते, पण तेवढ्याने नांगर विकला गेला नसता. ज्याचे वर्षाचे पोट एका हंगामावर अवलंबून आहे, तो नवी वस्तू घेताना घाबरणारच. त्या भीतीला उत्तर द्यायचे तर त्याची जमीन, त्याचे बैल, त्याच्या रानातली हरळी आणि कुंदा हे सगळे ठाऊक असावे लागते. काळ्या रानात हरळी एकदा खोल गेली की लाकडी नांगर तिच्या मुळापर्यंत पोचत नाही, लोखंडी नांगर पोचतो. शेतकऱ्याला पटण्यासारखा मुद्दा हा होता, आणि तो कागदावर सुचणारा नव्हता. बांधावर उभे राहिल्यावरच तो दिसतो.

1910 मध्ये औंध संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. लक्ष्मणराव स्वतः जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकायला गेलेले. काही रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून त्यांना तो रस्ता सोडावा लागला आणि ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले. त्यांचा पुतण्या शंकर मात्र चित्रकार झाला. पंडित सातवळेकरांच्या हाताखाली तो शिकला. असा चित्रकार नांगराच्या कारखान्यात आला आणि जाहिरातीचे काम त्याने अंगावर घेतले. मला या गोष्टीचे फार मोल वाटते. मुंबईत स्टुडिओ थाटून पोर्ट्रेट काढण्याऐवजी तो भट्टीच्या आणि ओतशाळेच्या शेजारी राहिला. नांगराचा फाळ ओतताना त्याने पाहिला, फाळ मोडला म्हणून तक्रार घेऊन आलेला माणूसही पाहिला.

1920 मध्ये त्याने ‘किर्लोस्कर खबर’ काढली. मूळ हेतू सरळ होता: कारखान्याची बातमी ग्राहकांपर्यंत आणि एजंटांपर्यंत पोचवायची. आजच्या भाषेत त्याला कंटेंट मार्केटिंग म्हणतील, आणि त्यावर परदेशी पुस्तकांचे दाखले देतील. शंवाकिंच्या लवकर लक्षात आले, की नुसत्या नांगराच्या बातम्या कोणी दर महिन्याला वाचणार नाही. ज्या घरात नांगर जातो त्या घरात बायकामुले आहेत, शिकणारी पोरे आहेत, उद्योग काढायची हौस असलेला एखादा तरुण आहे. मग अंकात उद्योगाच्या गोष्टी आल्या, आरोग्य आले, विज्ञान आले, कथा आल्या, सुधारणेचे वाद आले, आणि स्वतः शंवाकिंची व्यंगचित्रे आली. पुढे नावातली ‘खबर’ गळून ते नुसते ‘किर्लोस्कर’ झाले. 1930 मध्ये ‘स्त्री’ निघाले, 1934 मध्ये ‘मनोहर’. कारखान्याच्या प्रसिद्धीसाठी निघालेल्या पत्रकातून मराठी मध्यमवर्गाला घडवणारी तीन मासिके उभी राहिली. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध ‘किर्लोस्कर’मध्ये आले. अंधश्रद्धेवर त्या मासिकाने इतके घाव घातले, की त्यामुळे नाराज झालेल्यांत नांगराचे गिऱ्हाईकही असणारच. तरी ते छापले गेले. कारखान्याच्या पैशावर निघणाऱ्या प्रकाशनाने असे वागावे, याला जे धैर्य लागते ते मालकाच्या अंगीही असावे लागते. लक्ष्मणरावांच्या अंगी ते होते, म्हणून पुतण्याला मोकळीक मिळाली.

आता ब्रँडचे काय झाले ते पाहा. ‘किर्लोस्कर’ हे नाव पंपावर, इंजिनावर दिसले की मराठी माणसाच्या मनात जो विश्वास उभा राहतो, तो नुसत्या लोखंडाचा नाही. त्या नावाने त्याच्या आजीला वाचायला ‘स्त्री’ दिले होते. मराठीत यापेक्षा मोठे ब्रँडिंग झाले आहे असे मला वाटत नाही, आणि ते करणाऱ्या माणसाच्या हातात ना मार्केट रिसर्च होते, ना मीडिया प्लॅन. तो वस्तूजवळ राहत होता आणि वस्तू वापरणाऱ्याला ओळखत होता, एवढेच.

हे फक्त आपल्याकडचे आहे असे नाही. डेव्हिड ओगिल्वी जाहिरातीत येण्यापूर्वी स्कॉटलंडमध्ये दारोदार फिरून आगा कंपनीच्या शेगड्या विकत होता. 1935 मध्ये त्याने इतर विक्रेत्यांसाठी जे मार्गदर्शक पुस्तक लिहिले, ते त्याच्या पुढच्या कारकिर्दीचे बीज ठरले. न्यूयॉर्कमध्ये त्याने एजन्सी काढली ती 1948 मध्ये, म्हणजे शेगडी विकून झाल्यावर बऱ्याच वर्षांनी. आपल्या मुंबईत सिल्व्हेस्टर दाकुन्हा यांनी 1966 मध्ये अमूल लोण्याचे काम हाती घेतले, युस्टेस फर्नांडिस यांनी ती ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी रेखाटली, आणि अमूलच्या कुरियन यांनी प्रत्येक होर्डिंग आधी तपासायचा आग्रह धरला नाही. त्या मोकळिकीवर ती मुलगी अर्धशतकाहून अधिक काळ रस्त्यावर उभी आहे. एकाच वस्तूजवळ, दाकुन्हांच्या एकाच घरातल्या दोन पिढ्या.

आणि आपले र. कृ. जोशी. एजन्सीत आर्ट डायरेक्टर म्हणून काम केलेला हा कवी अक्षराच्या इतका जवळ गेला, की पुढे आयआयटी मुंबईत त्याने अक्षरच शिकवले, आणि संगणकावर देवनागरीला घर मिळवून दिले. आपल्यापैकी ज्यांनी विंडोजवर मराठी टाइप केले आहे, त्या बहुतेकांनी त्यांचा ‘मंगल’ फाँट वापरला आहे.  अरुण कोलटकरांना आपण ‘जेजुरी’चे कवी म्हणून ओळखतो. कमर्शियल आर्टिस्ट्स गिल्डचे पुरस्कार त्यांनी सहा वेळा मिळवले होते, हे आपल्या व्यवसायातल्या तरुणांना कोणी सांगत नाही.

आज आपली कारकीर्द कशी चालते? ब्रीफ येतो तो दुसऱ्याने लिहिलेला, तोही तिसऱ्याच्या प्रेझेंटेशनवरून. कॅम्पेन मुंबईत किंवा गुरुग्राममध्ये ठरते, हिंदीत शूट होते, आणि संध्याकाळी मराठी अ‍ॅडाप्टेशनसाठी आपल्याकडे फाइल येते, सकाळपर्यंत परत हवी म्हणून. दोन वर्षांत एजन्सी बदलायची, तीन वर्षांत पद. एखादा तरुण साबण, विमा, बिस्किट आणि निवडणूक अशी चार कामे एकाच महिन्यात करतो आणि चारांपैकी एकाही वस्तूच्या कारखान्यात किंवा दुकानात त्याचे पाऊल पडलेले नसते. डॅशबोर्डवर त्याला किती जणांनी क्लिक केले ते दिसते. क्लिक करणारी बाई त्या वेळी काय करत होती, ते दिसत नाही. आता तर ओळी लिहून देणारी यंत्रेही आली आहेत. ती ओळ लिहितील, आणि चांगली लिहितील. बांधावर मात्र माणसालाच जावे लागेल.

माझ्या एका तरुण सहकारी मुलीची गोष्ट सांगतो. शेतीच्या पंपाचे काम होते. मंजूर झालेल्या लेआउटमध्ये सकाळचे ऊन, पाटाने खळखळणारे पाणी आणि हसरा शेतकरी होता. तिने हट्ट धरला आणि निफाड तालुक्यात जाऊन राहिली. परत आली ती एकच गोष्ट घेऊन: पंपाची लाइट रात्री येते. माणूस मध्यरात्री उठतो, बॅटरी आणि काठी घेऊन रानात जातो, विंचूकाट्याची भीती असते, घरी बायको जागी असते. त्याला हसऱ्या सकाळशी काही देणेघेणे नव्हते. घरी अंथरुणावरून मोबाइलवर मोटर चालू करता येते, हे त्याला ऐकायचे होते. तिने सगळी जाहिरात रात्रीची केली, आणि पंप बाजूला ठेवून ती जागी असलेली बायको पुढे आणली. क्लायंटने ती घेतली. मला त्या मुलीत शंवाकि दिसले.

म्हणून माझी या संमेलनाकडे एक मागणी आहे. आपल्या एजन्सीत घेतलेल्या प्रत्येक प्रशिक्षणार्थीचे पहिले तीन महिने ऑफिसबाहेर जावेत. एक महिना क्लायंटच्या कारखान्यात, एक महिना वितरकाच्या गोदामात आणि त्याच्या टेम्पोबरोबर, एक महिना तालुक्याच्या गावातल्या किराणा किंवा कृषी सेवा केंद्राच्या काउंटरमागे. पगार एजन्सीने द्यावा, राहण्याची सोय क्लायंटने करावी. तिथे त्याने रोज मराठीत टिपण लिहावे, आणि ते टिपण कॅम्पेनच्या पहिल्या बैठकीत वाचले जावे, शेवटच्या नव्हे. खर्चाचा प्रश्न निघेल हे मला माहीत आहे. एका शूटच्या एका दिवसाचा खर्च डोळ्यांसमोर आणा आणि मग बोलू.

उद्या सकाळच्या खुल्या अधिवेशनात हा ठराव मी स्वतः मांडणार आहे. अनुमोदन देणाऱ्यांनी आज रात्री जेवणाच्या वेळी मला भेटावे. ज्यांना विरोध करायचा आहे त्यांनीही भेटावे; तीन महिने जास्त वाटत असतील तर किती चालतील, ते त्यांनी आकडा घेऊन सांगावे.