न थांबणारा पंखा

अमेरिका व कॅनडा या देशांतील पुष्कळ घरांत हिवाळ्याच्या उबेसाठीं तळघरांत भट्टी बसविलेली असते. भट्टींतील ज्योतीनें धातूची एक पेटी तापते, पंखा तिच्यावरून हवा ढकलतो, आणि ती ऊबदार हवा पत्र्याच्या नळांतून खोल्याखोल्यांत पोंचते. तेथें नव्यानें बिऱ्हाड केलेल्या मराठी कुटुंबास या यंत्राचा सराव नसतो. घर पुरेसें तापल्यावरहि पंखा फिरतच राहिला, तर दोष कोठें शोधावा हें उमगत नाहीं.

ज्योत विझल्यावर पंखा एक-दोन मिनिटें फिरावा, हें योजनेस धरूनच आहे. पेटींत उरलेली ऊब वायां जाऊं नये, हा त्यांतील हेतु. त्यापुढेंहि तो थांबला नाहीं, तर प्रथम भिंतीवरील थर्मोस्टॅट पाहावा. पंख्याचा खटका ‘ऑन’वर असेल, तर पंखा अहोरात्र फिरणारच, तो ‘ऑटो’वर आणावा. पुष्कळदा रोग एवढाच असतो.

दुसरें कारण अधिक महत्त्वाचें. हवेची गाळणी धुळीनें बुजली किंवा खोल्यांतील झरोके बंद केले, म्हणजे पेटीवरून पुरेशी हवा जात नाहीं व ती फाजील तापते. तेव्हां भट्टींतील मर्यादा-स्विच ज्योत विझवितो आणि पेटी निवविण्यासाठीं पंखा चालूच राहतो. अशा वेळीं पंखा बिघडलेला नसतो. तो पहारा करीत असतो. भट्टीची वीज बंद करून गाळणी बदलावी व झरोके उघडावे.

एवढ्यानेंहि भागलें नाहीं, तर थर्मोस्टॅटच्या तारा एकमेकींस चिकटल्या असतील, किंवा पंख्याचा रिले अडकला असेल. तें काम जाणत्या कारागिराचें. मात्र आवाजाला कंटाळून मर्यादा-स्विचला बगल देणारी तार कोणीहि जोडूं नये. पेटी वारंवार अति तापून तडकली, तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु घरांत शिरण्याचा संभव असतो. त्यास ना रंग, ना वास; म्हणून त्याची सूचना देणारें यंत्र घरांत असावेंच.

१८८३ सालीं विस्कॉन्सिनमधील वॉरन जॉन्सन या अध्यापकानें खोलीच्या उष्णतेची वर्दी विजेनें तळघरांतील चाकरास देणाऱ्या यंत्राचें पेटंट घेतलें. आज वर्दी ऐकून भट्टी स्वतःच चालते. परंतु वर्दीचा अर्थ लावणें अद्याप घरच्या माणसाकडेच आहे. न थांबणारा पंखा ही अशीच एक वर्दी होय. तिचें तोंड बंद करण्यापूर्वीं ती काय सांगते, हें ऐकून घेणें शहाणपणाचें.