उन्हाळा, स्वयंपाक आणि आपले आरोग्य
(कुडवा येथील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



चौदा एप्रिलची जयंती आणि वैशाखातील बुद्धपौर्णिमा, आपले हे दोन मोठे दिवस ऐन उन्हाळ्यात येतात. लग्नसराईही तेव्हाच असते. म्हणजे शेकडो माणसांचा स्वयंपाक आपण वर्षातल्या सर्वांत तापलेल्या दिवसांत करतो. नागपूरला २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान नोंदले गेले होते. आपल्याकडचे ऊनही काही कमी नसते. म्हणून आज मी एकच गोष्ट सांगणार आहे. बिघडलेले काय घरी सुधारता येते आणि काय सुधारता येत नाही, हे प्रत्येकीने ओळखले पाहिजे.

आधी स्वयंपाकाचे पाहू. वरण खारट झाले तर बिनमिठाची शिजलेली डाळ आणि गरम पाणी घालावे. बटाटा टाकल्याने मीठ निघून जाते असे आपण म्हणतो, पण बटाटा पाण्यासकट थोडेच मीठ शोषतो. भाजी तिखट झाली तर शेंगदाण्याचे कूट घालावे. चिंच जास्त पडली तर गूळ आहेच. भात खाली लागला तर ढवळू नये. वरचा भात अलगद दुसऱ्या भांड्यात काढावा, म्हणजे करपट वास सगळीकडे पसरत नाही. भात कच्चा राहिला तर गरम पाण्याचा हबका मारून मंद आचेवर झाकून ठेवावा. या चुकांनी चव बिघडते, माणूस आजारी पडत नाही.

पण सकाळी दहाला शिजवून झाकून ठेवलेला भात चार वाजता वाढला, तर ती चूक सुधारत नाही. तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जंतूचे बीज असू शकते. ते शिजवूनही मरत नाही. भात तासन्‌तास कोमट राहिला की जंतू वाढतात आणि विष तयार करतात. भात पुन्हा गरम केला तरी ते विष जात नाही. वासही येईलच असे नाही. आपला जिल्हा भाताचा, म्हणून हे विशेष लक्षात ठेवा. ३२ अंशांवरच्या हवेत शिजलेले अन्न तासाभराहून अधिक बाहेर ठेवू नये. कार्यक्रमात सगळा भात एकदम न शिजवता पंगतीपंगतीने शिजवावा.

उन्हाचेही असेच आहे. तेंदूपाने तोडणारी, वीटभट्टीवर राबणारी, राइस मिलमध्ये पोती वाहणारी माणसे आपलीच आहेत. जड काम सकाळी लवकर उरकावे. डोक्याला दुपट्टा बांधावा. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी, ताक, कैरीचे पन्हे घ्यावे. कांदा जेवणात जरूर खा, पण खिशातला कांदा ऊन अडवत नाही. कूलर लावला तर समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा साचतो.

थकवा, घाम, पायात गोळे येणे, एवढेच असेल तर सावली आणि मीठ-साखरेचे पाणी पुरते. एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे प्रमाण पाठ करा. हगवण-उलटीतही ते उपयोगी पडते. १९७१ साली बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत सलाईन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच पाण्याने कॉलऱ्याचे असंख्य रोगी वाचवले.

मात्र अंग भट्टीसारखे तापले, माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा बेशुद्ध झाला, तर तो उष्माघात समजावा. तिथे घरगुती उपाय करत बसू नये. १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत सावलीत झोपवून अंगावर पाणी टाका, वारा घाला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका.

पाण्याचे मोल आपल्याला कोणी शिकवायला नको. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, तो इतिहास आपला आहे. म्हणून उन्हाळाभर दारात एक माठ भरलेला असावा आणि येणाऱ्या-जाणाऱ्या कोणालाही त्यातले पाणी मिळावे.

शेवटी एक विनंती. सर्वांची जेवणे झाल्यावर उरलेसुरले, आंबलेले अन्न "टाकायचे कसे" म्हणून घरातली बाईच खाते. काटकसर करायची तर शिजवताना मोजून शिजवा. खराब अन्न टाकून देण्यात पाप नाही. आपले पोट म्हणजे उकिरडा नव्हे.